पहिल्यांदा परदेशी वैद्यकीय मिशनवर निघताना

मी फार्मासिस्ट आहे. ख्रिस्ती वैद्यकीय मिशनच्या टीमबरोबर आजवर तीनदा परदेशी जाऊन आले, तिन्ही वेळा टांझानियात. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मिशनवरून परतलेले लोक साक्ष देतात (देवानं काय केलं ते सांगतात), फोटो दाखवतात, ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. पण व्हिसा कोणता घ्यायचा, रजिस्ट्रेशनचे कागद किती महिने आधी पाठवायचे, सुई टोचली तर रात्री कुणाला उठवायचं, हे साक्षीत कुणी सांगत नाही. मीही पहिल्या वेळी ते कुणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. हा लेख त्यासाठी. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, दंतवैद्य यांच्यासाठी, आणि ज्यांना इंजेक्शन बघूनच घाम फुटतो पण जायची ओढ आहे त्यांच्यासाठीही.

निघायच्या तारखेच्या निदान सहा महिने आधी सुरुवात करा. डॉक्टर-नर्स असाल आणि त्या देशाचं तात्पुरतं लायसन्स लागणार असेल तर आठ-नऊ महिने धरा.

१. कोणत्या कामाला जायचंय ते ठरवा

'वैद्यकीय मिशन' या एका नावाखाली बरीच निराळी कामं चालतात.

सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं ते फिरतं शिबिर. एक-दोन आठवडे, रोज किंवा एक दिवसाआड नवं गाव, शाळेच्या नाहीतर चर्चच्या इमारतीत ओपीडी, जंताच्या गोळ्या, दात काढणं, वाचायचे चष्मे. दुसरा प्रकार शस्त्रक्रियेच्या टीमचा: सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटरच्या नर्स एखाद्या हॉस्पिटलात जाऊन हर्निया, दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू अशी ठरलेली ऑपरेशनं करतात. तिसरा, मिशन हॉस्पिटलात काही आठवडे-महिने राहून तिथल्या डॉक्टरच्या खांद्यावरचा भार हलका करणं. समॅरिटन्स पर्स या ख्रिस्ती मदत-संस्थेचा वर्ल्ड मेडिकल मिशन हा विभाग १९७७ पासून डॉक्टरांना अशा हॉस्पिटलांत पाठवतो. चौथा जहाजाचा. मर्सी शिप्स ही संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्या हॉस्पिटल-जहाजांवर सर्जन लागतो तसा स्वयंपाकी लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, शिक्षकही लागतो. आणि पाचवा प्रकार शिकवण्याचा. पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स १९९६ पासून आफ्रिकेतल्या मिशन हॉस्पिटलांत तिथल्याच डॉक्टरांना सर्जन म्हणून तयार करते. अशा ठिकाणी पाहुण्या तज्ज्ञानं स्वतः किती ऑपरेशनं केली यापेक्षा किती हात तयार केले, हे मोजलं जातं.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला बारा महिने चालणाऱ्या हॉस्पिटलशी किंवा दवाखान्याशी बांधलेल्या टीमबरोबरच जा. का, ते पुढे आठव्या मुद्द्यात येईल.

वैद्यकीय शिक्षण नसेल तर संकोच करू नका. केसपेपर लिहिणं, रांग लावणं, हत्यारं धुऊन उकळायला देणं, जनरेटर चालू ठेवणं, डॉक्टरांना पाणी प्यायची आठवण करून देणं, या कामांना माणसं कायम कमी पडतात. आमच्या दुसऱ्या खेपेचा सगळ्यात उपयोगी माणूस एक निवृत्त कारकून होता. त्यानं सकाळी नंबरांचे कागद वाटले आणि दुपारपर्यंत दारात एकदाही ढकलाढकली झाली नाही.

२. संस्थेला हे प्रश्न विचारा

संस्था तुमची मुलाखत घेते तशी तुम्हीही तिची घ्या. सेवेचं काम आहे, इतकं काय विचारायचं, असं वाटून आपण गप्प बसतो आणि मग अडकतो.

पहिला प्रश्न: तुम्हाला तिथं कुणी बोलावलंय? उत्तरात त्या देशातल्या हॉस्पिटलचं, मंडळीचं किंवा आरोग्य खात्याचं नाव आलं पाहिजे. 'आम्हाला तिथं गरज दिसली' एवढंच ऐकू आलं तर दुसरी संस्था शोधा. दुसरा प्रश्न: टीम परतल्यावर रुग्णांकडे कोण बघतं? तिसरा: आमच्या लायसन्सचं आणि औषधांच्या परवानगीचं कोण बघतं, तुम्ही की आम्ही? चौथा: कुणी गंभीर आजारी पडलं तर बाहेर कसं काढणार, त्याचा विमा कुणाचा? पाचवा: आम्ही भरलेल्या पैशातला कोणता भाग कशावर जातो?

शिवाय लहान मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण मागा. चांगली संस्था स्वयंसेवकांकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला घेते आणि मुलांबरोबर कुणालाही एकटं ठेवत नाही. तुमच्याकडून दाखला मागितला तर रागावू नका, निश्चिंत व्हा.

३. अर्ज आणि साक्ष

बहुतेक ख्रिस्ती संस्थांच्या अर्जात तीन गोष्टी असतात: विश्वासाचं विधान मान्य असल्याची सही, तुमची साक्ष आणि पाळकांचं शिफारसपत्र. पाळकांना पत्रासाठी निदान तीन आठवडे द्या आणि त्याबरोबर तुम्ही कुठे, कशासाठी जाताय हे एका कागदावर लिहून द्या. नाहीतर 'मी यांना बरीच वर्षं ओळखतो' या वाक्याचं पत्र हाती पडतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

साक्ष लिहिताना उपदेश लिहू नका. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कसं झालं हे सांगताना माणसं इतकी उंच भाषा वापरतात की वाचणाऱ्याला माणूसच दिसत नाही. निवड करणाऱ्यांना पाहायचं असतं ते वेगळंच: तुम्ही उकाड्यात, झोप अपुरी असताना, दुसऱ्याच्या हाताखाली काम करू शकता का. माझ्या मुलाखतीत सर्वात जास्त वेळ गेला तो 'तुमचं म्हणणं टीमलीडरनं फेटाळलं तर काय कराल' या प्रश्नावर.

तुम्ही ख्रिस्ती नसाल, किंवा विश्वासाबद्दल मनात प्रश्न असतील, तर सरळ सांगा. काही संस्था फक्त विश्वासणाऱ्यांनाच घेतात, काही सकाळच्या प्रार्थनेला आदरानं बसण्यापुरती अपेक्षा ठेवतात. खोटी सही मात्र करू नका. दोन आठवडे एका खोलीत सहा जणांनी राहायचं असतं. काही लपत नाही.

४. पैसे

स्वयंसेवक म्हणजे फुकट प्रवास, हा गैरसमज पहिल्याच बैठकीत गळून पडतो. तिकीट, व्हिसा, लसी, विमा, राहणं-जेवण आणि बहुधा औषधांचा वाटा, हे सगळं तुम्हालाच उभं करायचं असतं. स्वतःच्या बचतीतून, नाहीतर मंडळीतल्या आणि ओळखीच्या लोकांना पत्र लिहून. पत्र एक पानाचं असू द्या. काय काम, किती दिवस, एकूण किती रक्कम, त्यातली तुम्ही स्वतः किती घालणार, आणि तुमच्यासाठी प्रार्थना कोणत्या गोष्टीची करावी.

दोन खाचखळगे. एक: देणगी संस्थेच्या खात्यात गेली की तुमचं जाणं रद्द झालं तरी ती बहुधा परत मिळत नाही. देणाऱ्यांना हे आधीच सांगा. दोन: संस्थेची लेखी मंजुरी आणि लायसन्सची खात्री होईपर्यंत तिकीट काढू नका. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून मी काढलं होतं. टीमच्या तारखा चार दिवसांनी पुढे गेल्या आणि स्वस्त तिकीट चांगलंच महागात पडलं.

५. कागदपत्रं

ही यादी छापून भिंतीला चिकटवा.

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने वैध आणि दोन-तीन कोरी पानं शिल्लक.
- त्या कामासाठी चालणारा व्हिसा.
- पदवीचं आणि रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र, नोटरी केलेल्या प्रतींसह. काही देशांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतं.
- तुमचं रजिस्ट्रेशन जिथं आहे त्या कौन्सिलकडून 'गुड स्टँडिंग'चं पत्र, म्हणजे तुमच्यावर कारवाई चालू नाही असा दाखला. हे जुनं चालत नाही. काही महिन्यांच्या आतलंच मागतात.
- यजमान हॉस्पिटलचं किंवा मंडळीचं निमंत्रणपत्र, शिक्क्यासह.
- लसीकरणाचं पिवळं आंतरराष्ट्रीय कार्ड.
- आणीबाणीत विमानानं हलवण्याचा खर्च धरणारा विमा.
- चारित्र्य दाखला, पासपोर्ट आकाराचे जास्तीचे फोटो, रक्तगट आणि ॲलर्जी लिहिलेला कागद.
- स्वतःच्या नेहमीच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन, जेनेरिक नावासह (कंपनीच्या ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव).

प्रत्येक कागदाची एक प्रत दुसऱ्या बॅगेत, एक घरच्यांकडे, एक फोनमध्ये.

आता सगळ्यात मोठा सापळा. पुष्कळ टीम पर्यटक व्हिसावर जातात आणि 'कुणी विचारत नाही' असं सांगतात. विचारलं, तर तुम्ही त्या देशात विनापरवाना रुग्ण तपासणारे परके ठरता, आणि तुम्ही परतल्यावर ज्या मंडळीनं बोलावलं तिला उत्तरं देत बसावं लागतं. प्रत्येक देशाची कौन्सिल असते. टांझानियात डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल ऑफ टँगानिका आहे, फार्मासिस्टसाठी फार्मसी कौन्सिल. तात्पुरत्या परवानगीचा अर्ज यजमान संस्थेमार्फत जातो आणि त्याला वेळ लागतो. नर्स आणि फार्मासिस्ट हे लायसन्स फक्त डॉक्टरांना लागतं असं समजून बसतात. मीही बसले होते. पहिल्या खेपेला माझा कागद वेळेत आला नाही, म्हणून मी औषधं दिली नाहीत. दोन आठवडे तिथल्या फार्मासिस्टच्या हाताखाली पाकिटं भरली आणि शिक्के मारले. शिकले मात्र भरपूर.

६. लसी, गोळ्या आणि सुईचं टोक

प्रवाशांसाठीच्या क्लिनिकमध्ये निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी जा. हेपटायटिस बी चा कोर्स पूर्ण झालेला नसेल तर त्याहूनही लवकर, कारण त्याचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकानं सहा महिन्यांत होतात. रक्ताला हात लावणाऱ्या प्रत्येकानं कोर्सनंतर अँटीबॉडीची तपासणी करून घ्यावी. १० च्या वर आकडा आला म्हणजे संरक्षण आहे. टायफॉइड, हेपटायटिस ए, धनुर्वात, गोवर हे बघून घ्या. दूरच्या खेड्यात जाणार असाल तर रेबीजची आधी घ्यायची लस विचारा.

पिवळ्या तापाचा नियम नीट समजून घ्या. दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतो, म्हणून आदल्या दिवशी घेऊन भागत नाही. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. पूर्वीसारखा दर १० वर्षांनी डोस लागत नाही. आणि पुष्कळ देशांत तुम्ही कुठून निघालात याइतकंच वाटेत कुठे थांबलात हेही पाहतात. टीममधल्या एका बाईंचं विमान वाटेत पिवळ्या तापाच्या देशात बदलणार होतं, हे तिकीट हातात आल्यावर आम्हाला कळलं. गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि साठीच्या पुढचे यांनी ही लस डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

मलेरियाच्या गोळ्यांत निवड असते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस घ्यायची. डॉक्सीसायक्लिन तशीच सुरू करायची, पण परतल्यावर ४ आठवडे. तिच्यानं उन्हात कातडी भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण दोन-तीन आठवडे आधीपासून, आणि मानसिक आजाराचा इतिहास असेल तर अजिबात नाही. घरी परतलं की माणसं गोळ्या सोडून देतात. नेमकं तेव्हाच त्या लागतात, कारण शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा हिशेब अजून बाकी असतो.

आता सुई. रुग्णाला वापरलेली सुई स्वतःला टोचली तर साबण-पाण्यानं धुवा, पिळत बसू नका, आणि लगेच टीमलीडरला सांगा. एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या. ७२ तासांनंतर उपयोग नाही आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: त्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे? दातांची तपासणीही करून जा. दाढ दुखायला सगळ्यात वाईट जागा म्हणजे दंतवैद्यापासून सहा तासांवरचं गाव.

७. औषधं आणि सामान

इथं मी जरा जास्त बोलणार.

जागतिक आरोग्य संघटनेनं औषधांच्या देणगीचे नियम १९९६ मध्येच घालून दिले. त्यांचा गाभा सोपा आहे. घेणाऱ्यानं मागितलेलीच औषधं द्या. पोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. लेबलवर जेनेरिक नाव हवं. कुणाच्या घरी उरलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांना मिळालेली सॅम्पलं नेऊ नका. सगळेच नियम मोडले जातात, पण शेवटचा सगळ्यात जास्त. मंडळीत पेटी ठेवली की तिसऱ्या दिवशी तिच्यात अर्धवट सिरप येऊन पडतं. पेटी ठेवूच नका.

आमच्या पहिल्या खेपेला दोन खोकी विमानतळावर अडकली. यादीत आम्ही ब्रँडची नावं लिहिली होती आणि कस्टम्सच्या माणसाला ती कुठल्याच पुस्तकात सापडेनात. त्याचं काही चुकलं नव्हतं. खोकी सुटली तेव्हा आमची पाच शिबिरं संपली होती. त्या पाच दिवसांची औषधं तिथल्याच शहरात घाऊक विकत घेतली. ती तिथल्या डॉक्टरांच्या ओळखीची निघाली, लेबलं तिथल्या भाषेत निघाली, आणि उरली ती दवाखान्यात सहज सामावली. तेव्हापासून माझा नियम: जे तिथं मिळतं ते तिथंच विकत घ्या. न्यायचं ते फक्त न मिळणारं, आणि तेही परवानगीचं पत्र आधी हातात घेऊन.

यादीत प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, संख्या, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि किंमत लिहा. ट्रामाडॉल, डायझेपाम, केटामिन, मॉर्फिन यांच्या जातीचं (कडक नियंत्रणाखालची वेदनेची आणि गुंगीची औषधं) काहीही वैयक्तिक बॅगेत टाकू नका, 'थोडंसंच आहे' म्हणूनही नाही. यंत्र नेणार असाल तर व्होल्टेज तपासा. ११० व्होल्टचं यंत्र २३० च्या प्लगमध्ये खोचलं की आधी वास येतो, मग काहीच येत नाही. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात चालत नाही.

आणि प्लास्टिकच्या पिशव्या! केनियानं २०१७ मध्ये आणि टांझानियानं २०१९ मध्ये प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आणली. सामान त्यांत गुंडाळून नेलं तर विमानतळावरच पसारा मांडावा लागतो. कापडी पिशव्या घ्या, गोळ्यांसाठी कागदी पाकिटं घ्या.

वैयक्तिक सामानात डोक्याला लावायचा टॉर्च, स्वतःचा स्टेथोस्कोप, पल्स ऑक्सिमीटर, बंद बूट, सुती कपडे (बायकांसाठी गुडघ्याखाली येणारे), मच्छरदाणी, हात धुवायचं जेल. बाकी निम्मं घरी ठेवा.

८. औषध संपल्यावर काय?

दुसऱ्या खेपेला एका गावात एक आजी माझ्या टेबलाशी आल्या. रक्तदाब १९० वर ११०. त्यांनी कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि आतून गोळ्यांची एक स्ट्रिप काढली. अम्लोडिपिन, रक्तदाबाची गोळी, ५ मिलिग्रॅम. वर्षापूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी टीमनं ३० गोळ्या दिल्या होत्या. चांदीचा कागद इतका चुरगळला होता की छपाई पुसून गेली होती, आणि कोपऱ्यात एक गोळी शिल्लक होती. दुभाष्यानं विचारलं तेव्हा कळलं, डोकं फार दुखेल तेव्हाच त्या एक घेत होत्या. शेवटची ठेवली होती अडीअडचणीला. कुणी चूक केली होती असं नाही. एक महिन्याची औषधं द्यायची असा त्या टीमचा नियम होता. पण या आजाराला औषध जन्मभर लागतं आणि टीम वर्षातून एकदा येते, याचा हिशेब कुणी घातला नव्हता.

सरकारी दवाखान्याची नर्स आमच्याबरोबर होती. ती दवाखाना चालवत होती, चालत दोन तासांवर. ती मला म्हणाली, "सिस्टर, पुढच्या वेळी गोळ्या कमी आणा आणि वही जास्त आणा. नावं लिहून माझ्याकडे पाठवा." मग आम्ही तसंच केलं. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, दमा, या रुग्णांसाठी वेगळी वही ठेवली. नाव, गाव, माप, दिलेलं औषध, आणि पुढची तारीख कुठल्या दवाखान्यात. औषधही तेच निवडायचं जे त्या दवाखान्याच्या कपाटात असतं. भारीतलं नवं असेल तरी नको. बायबलमधली, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलून उतारशाळेत (धर्मशाळेत) नेणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण त्यानं उतारशाळेच्या माणसाच्या हाती दोन नाणी ठेवली, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि पुढे गेला, तो भाग प्रवचनात पटकन उरकतो. आमच्यासाठी ती नर्स म्हणजे उतारशाळा.

तेव्हा निघण्यापूर्वी टीमलीडरला विचारा: यादीतली कोणती औषधं तिथल्या दवाखान्यात वर्षभर मिळतात? उत्तर माहीत नसेल तर ते शोधायचं काम स्वतः अंगावर घ्या.

९. शिबिराचा दिवस

पहाटे प्रार्थना, मग गाडी, मग टेबलं मांडणं. गर्दी आपल्या आधी येऊन बसलेली असते. पहिलं काम, रांगेत फिरून धाप लागलेलं, तापानं निपचित पडलेलं मूल, रक्तस्राव होणारी बाई शोधणं. तेवढं केलं नाही तर सगळ्यात आजारी माणूस नंबर ८७ घेऊन उन्हात बसून राहतो.

दुभाष्याशी नाही, रुग्णाशी बोला. नजर रुग्णाकडे, वाक्यं छोटी. दुभाष्याला दर दोन तासांनी विश्रांती द्या. दिवसभर सगळ्यांचं बोलणं त्याच्या एकट्याच्या तोंडून जात असतं. थोडे शब्द स्वतः शिका. स्वाहिलीत 'पोले' म्हणून एक शब्द आहे. कुणी दुखावलं, दमलं, काही हरवलं की म्हणतात. तो एक शब्द येत असला तरी समोरच्याचा चेहरा सैल होतो. 'मारा म्बिली क्वा सिकू', म्हणजे दिवसातून दोनदा, हे मी एका आठवड्यात शेकडो वेळा म्हटलं असेल.

वेळ सांगताना मात्र जपून. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. मी आकडे पाठ करून मोठ्या ऐटीत 'सा नाने', आठ वाजता, असं सांगत सुटले होते. ऐकणाऱ्यांच्या लेखी ते दुपारचे दोन होते. शेवटी एका शाळकरी मुलीनं हसत हसत माझी चूक दाखवली. त्या दिवसापासून पाकिटावर उगवता सूर्य आणि चंद्र काढायला लागले. चित्रं सगळ्यांना वाचता येतात. पाकीट देताना रुग्णालाच पुन्हा सांगायला लावा, 'कधी घेणार, किती घेणार?' निम्म्या चुका तिथंच सापडतात.

घरी जे करायची तुम्हाला परवानगी नाही, ते तिथंही करायचं नाही. विद्यार्थ्याला टाके घालायला दिले, नर्सनं दात काढला, अशा गोष्टी परतल्यावर मोठ्या अभिमानानं सांगितल्या जातात. तुमच्या गावात कुणी असं केलं असतं तर? जंताची गोळीसुद्धा सरसकट वाटायची नसते. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदाच, सोपं आहे; पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नाही, म्हणून प्रत्येक तरुण बाईला आडोशाला विचारायचं.

प्रार्थनेबद्दल. उपचार आधी, औषध हातात, मग विचारायचं: 'तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?' नाही म्हटलं तर हसून निरोप द्यायचा. प्रार्थनेची रांग औषधाच्या रांगेआधी लावली की नाही म्हणायची सोयच उरत नाही. रेड क्रॉस आणि मदत-संस्थांची १९९४ ची आचारसंहिता सांगते की मदतीचा वापर धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटण्यासाठी करू नये. पुष्कळ ख्रिस्ती संस्थांनी तिच्यावर सही केली आहे. काही देशांत तर सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ती संदेश सांगण्याचं, जाहीर काम कायद्यानं बंद असतं आणि त्याची किंमत तिथले विश्वासणारे मोजतात.

फोटो: रुग्णाचा नाही, मुलाचा तर नाहीच, परवानगी आणि कारण दोन्ही असल्याशिवाय. पैसे आणि भेटवस्तू हातोहात वाटू नका. द्यायचंच असेल तर यजमान मंडळीला विचारून तिच्यामार्फत.

१०. परतल्यावर

ताप आला, मग तो तीन महिन्यांनी का असेना, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात देशाचं नाव सांगा आणि मलेरियाची तपासणी मागा. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. तलावात किंवा नदीत उतरला असाल तर शिस्टोसोमियासिसबद्दल (पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या जंतांचा आजार) विचारा. हॉस्पिटलच्या वॉर्डात काम केलं असेल तर आठ-दहा आठवड्यांनी क्षयरोगाची तपासणी करून घ्या.

मन जरा उशिरा परततं. भरलेलं फ्रीज उघडून उभी राहिले आणि रडू आलं, असं माझ्या बाबतीत दोन आठवड्यांनी झालं. टीममधल्या कुणाशी तरी बोलत राहा. घरच्यांना पहिल्या दिवशी सगळं सांगायचा प्रयत्न करू नका.

देणगीदारांना पत्र महिन्याच्या आत लिहा. आणि पुढच्या टीमसाठी एक पान लिहून यजमानांकडे आणि संस्थेकडे द्या: काय संपलं, काय उरलं, कोणती गाडी बिघडली, कुठल्या गावाचा रस्ता पावसात बंद होतो. माझ्या शेवटच्या पानावर होतं: खोकल्याचं सिरप उरलं, आणू नका. कागदी पाकिटं मोठी हवीत. वाचायचे चष्मे अधिक दीड ते अडीच नंबरांचे दुप्पट आणा, दुसऱ्याच दिवशी संपतात. मोठ्या वयाच्या नर्सबाईंनाही एक द्या, त्या मागत नाहीत.